अल्सर फुटलाय? दुर्बीण शोधण्यात तास घालवू नका

"जठराचा अल्सर फुटला तर पोट फाडू देऊ नका. दुर्बिणीने (लहान छेदांतून, लॅपरोस्कोपीने) शस्त्रक्रिया करणारं हॉस्पिटल शोधा. पोट फाडणं जुनाट, सगळ्यांना दुर्बीणच बरी. दोन दिवसांत घरी सोडतात आणि अल्सर पुन्हा होत नाही." हा सल्ला मोबाइलवरून भरपूर फिरतो आहे. यातलं एकेक वाक्य तपासू.

"हॉस्पिटल शोधा." सगळ्यांत घातक सल्ला हाच. अल्सर फुटणं म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या भिंतीला आरपार छिद्र पडणं. त्या छिद्रातून आम्ल, पित्त आणि अन्न पोटाच्या पोकळीत सांडतं. सुरुवातीला नुसता दाह असतो, काही तासांत जंतू वाढतात, मग रक्तदाब कोसळतो आणि लघवी कमी होते. डेन्मार्कमधल्या २,६६८ रुग्णांच्या नोंदींत शस्त्रक्रियेला उशीर झालेल्या प्रत्येक तासागणिक जगण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी घटत गेलेली दिसली. पोटात अचानक असह्य कळ आली आणि पोट फळीसारखं कडक झालं, तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय गाठा. सलाईन, प्रतिजैविकं, नाकातून जठरात नळी हे उपचार तिथे लगेच सुरू होतात. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली) हवा दिसली की निदान जवळपास पक्कं. पण बऱ्याच रुग्णांत ती दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी संशय असल्यास सीटी स्कॅन करावा लागतो.

"पोट फाडणं जुनाट." पोटाच्या आत होणारं काम दोन्ही पद्धतींत एकच आहे. छिद्राच्या कडांतून साधारण तीन टाके घ्यायचे, पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, म्हणजे वपेचा, जिवंत तुकडा छिद्रावर ठेवायचा आणि त्यावर गाठी बांधायच्या. टोरांटोचे सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ साली मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली ही दुरुस्ती आजही टिकून आहे. गाठ फार आवळली तर वपेचा रक्तपुरवठा तुटतो, सैल राहिली तर गळती होते. सुजलेल्या कडा टाका ओढताच फाटतात, आणि लांब हत्यारांनी गाठ मारताना ते जास्त सहज घडतं. म्हणून दुर्बीण असण्यापेक्षा तिच्यातून टाके घालायचा सराव असलेला सर्जन असणं महत्त्वाचं. नंतर कोमट सलाईनने यकृताखाली, श्वासपटलाखाली आणि ओटीपोटात नीट धुवावं लागतं, त्याला कित्येक लिटर लागतात. ही धुलाई अपुरी राहिली तर पू साठतो, मग छेद मोठा असो की लहान.

"सगळ्यांना दुर्बीणच बरी." दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ मिलिमीटर पारा. त्याने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि फुप्फुसं वर दाबली जातात. धडधाकट माणूस हे सोसतो, रक्तदाब आधीच ढासळलेला रुग्ण सोसत नाही. दाखल होताना शॉक (रक्तदाब कोसळलेली अवस्था), गंभीर जुना आजार, २४ तासांहून जास्त उशीर या तीन गोष्टी तपासल्या जातात. शॉक असेल तर उघडी शस्त्रक्रियाच सुरक्षित. छिद्र दोन सेंटीमीटरहून मोठं निघालं किंवा सापडलंच नाही, तर सर्जन मध्येच पोट उघडतो. तो शहाणपणाचा निर्णय असतो, त्यावरून भांडू नका.

"दोन दिवसांत घरी." नेदरलँड्समध्ये १०१ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुर्बिणीच्या गटाचा मुक्काम साडेसहा दिवस होता, उघड्या गटाचा आठ. हा फरक खात्रीलायक ठरला नाही. शस्त्रक्रियेला मात्र ५० ऐवजी ७५ मिनिटं लागली. वेदना कमी होत्या, हा फायदा खरा. वेदना कमी असली की रुग्ण खोकू शकतो, खोल श्वास घेतो. स्थिर रुग्ण आणि सरावाचा सर्जन असेल तर दुर्बीण जरूर निवडावी.

"अल्सर पुन्हा होत नाही." टाका छिद्र बुजवतो, कारण नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू, वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू ही मुख्य कारणं. हाँगकाँगच्या २००० सालच्या चाचणीत जंतूचा उपचार केलेल्यांपैकी ४.८ टक्के लोकांना वर्षभराने अल्सर होता, न केलेल्यांपैकी ३८.१ टक्के लोकांना. घरी जाण्याआधी जंतूच्या तपासणीचं विचारा. अल्सर आतड्याचा नसून जठराचा असेल तर कर्करोग नाही ना हे पाहायला तुकडा तपासलाय का, तेही विचारा. नसेल तर सहा ते आठ आठवड्यांनी एंडोस्कोपीची (तोंडातून नळी घालून जठर आतून पाहण्याची) तारीख घेऊनच निघा.