बरं वाटलं ते मांसाने, कच्चेपणाने नाही

चार-पाच वर्षं कडक व्हीगन, म्हणजे मांस-अंडीच काय, दूधही वर्ज्य करून राहिलेला एक माणूस. केस गळतात, थकवा जात नाही, हातापायांना मुंग्या येतात. एके दिवशी तो कच्ची कलेजी खातो, आठवड्याभरात अंगात जीव येतो आणि आता तो रोज कच्चं मांस खातो. नावं-गावं बदलून ही गोष्ट सध्या सगळीकडे फिरते आहे, आता मराठीतूनही. सोबतचे मुद्दे ठरलेले असतात: शिजवल्याने जीवनसत्त्वं मरतात, आपले पूर्वज कच्चंच खायचे, एस्किमो आजही खातात, फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात, आणि डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत. माझ्या भाचीने मला असाच एक मजकूर पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, करून बघू का?" ती पुण्यात असते, चार वर्षं व्हीगन आहे, आणि तिच्या पायांना खरोखरच मुंग्या येतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्यातलं खरं ते मान्य करते. त्या माणसाचा त्रास खोटा नाही, आणि "व्हीगन झालास, भोग आता" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत. ते काही जिवाणू तयार करतात आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून आपल्यापर्यंत पोचतं. यकृतातला साठा बऱ्याचदा काही वर्षं पुरतो. त्यामुळे व्हीगन झाल्यावर सुरुवातीचा काळ छान जातो, आणि त्रास सुरू होतो तेव्हा त्याचा आहाराशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. हा प्रश्न एकट्या व्हीगन लोकांचाही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं होतं.

अशा माणसाच्या पोटात कलेजी गेली तर त्याला बरं वाटणारच. पण त्याने एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या: मांस सुरू केलं, आणि ते कच्चं खाल्लं. श्रेय मात्र सगळं दुसऱ्या गोष्टीला दिलं. तीच कलेजी कांदा-आलं-लसणावर परतून खाल्ली असती तर काय झालं असतं, हे त्याने कधी पाहिलंच नाही.

"शिजवल्याने जीवनसत्त्वं मरतात." काही कमी होतात, हे खरं आहे. थायमिन (बी-१) घटतं, बी-१२ही थोडं जातं, आणि त्यातलं बरंचसं रश्श्यात उतरतं, जो आपण ओरपतोच. पण आकडा बघा. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. शंभर ग्रॅम कलेजीत त्याच्या वीस पटींहून जास्त असतं. शिजवताना त्यातलं एक तृतीयांश गेलं असं धरलं तरी काय बिघडलं? आणि शिजवल्याने मिळतं त्याचं काय? बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये अंड्यांवर एक मोजणी केली. शस्त्रक्रियेने लहान आतड्याचं टोक पोटाबाहेर आणलेल्या रुग्णांना त्यांनी अंडी खायला दिली आणि किती प्रथिनं न पचता बाहेर आली ते मोजलं. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली होती, कच्च्यातली ५१ टक्के. अंडं म्हणजे मटण नव्हे, पण "कच्चं तेच अंगी लागतं" हे विधान सरसकट खरं नाही, एवढं यातून दिसतं.

कच्च्या मांसातली एन्झाइम्स, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारे घटक, पचनाला मदत करतात, असंही एक वाक्य असतं. एन्झाइम्स ही स्वतःच प्रथिनं आहेत. जठरातल्या आम्लात बहुतेकांचा आकार बिघडतो आणि बाकी प्रथिनांसारखीच तीही पचून जातात.

"आपले पूर्वज कच्चंच खायचे." खायचे, पण कसे? हार्वर्डच्या कॅथरीन झिंक आणि डॅनियल लीबरमन यांनी २०१६ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना कच्चं मांस चावायला दिलं, आणि तेही बोकडाचं. न कापलेला तुकडा कितीही चावला तरी च्युइंगमसारखा अखंडच राहायचा. आपले सपाट दात त्याचे तुकडे करू शकत नव्हते. दगडी हत्याराने आधी काप केले तेव्हाच तो घास गिळण्याजोगा झाला. मटण एक शिट्टी कमी होऊन चिवट राहिलं की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे; हे त्याच्याही पलीकडचं. आणि चूल काही कालची नाही. इस्राएलमध्ये गेशेर बेनोत याकोव या ठिकाणी सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी शिजवलेल्या माशांचे दात सापडले आहेत. आपली होमो सेपियन्स ही जात त्यानंतर कितीतरी लाख वर्षांनी आली. म्हणजे आपल्या जातीचा जन्मच चूल पेटल्यानंतरचा आहे.

"एस्किमो आजही खातात." त्यांना इनुइट म्हणावं, आणि त्यांचं नाव घ्यायचं तर त्यांचा सगळा व्यवहार सांगावा. ते सील, कॅरिबू, वॉलरस कच्चं खातात आणि पूर्वापार सीलच्या चरबीच्या दिव्यावर दगडी भांडं टांगून मांस उकडतही आले. कॅनडातल्या नुनाविक भागात वॉलरसच्या कच्च्या मांसातून ट्रिकिनेला या कृमीची लागण व्हायची. तिथे १९९० च्या दशकापासून शिकारी मारलेल्या वॉलरसची जीभ प्रयोगशाळेत पाठवतात आणि निकाल आल्यावर मांस खायचं की नाही ते ठरतं. इथिओपियात कच्चं गोमांस सणावारी आवडीने खातात. तिथे पट्टकृमीचा त्रास इतका जुना आहे की कोसो नावाच्या झाडाच्या फुलांचं जंताचं औषध ठरावीक काळाने घेण्याची पद्धतच पडली. जपानइतका कच्च्या खाण्याचा मुरलेला सराव क्वचितच कुठे असेल. तिथे २०११ मध्ये कच्च्या गोमांसाच्या एका पदार्थातून ई. कोलाय या जिवाणूची लागण होऊन ५ जण दगावले आणि पावणेदोनशेहून जास्त आजारी पडले. पुढच्या वर्षी सरकारने कच्ची खाण्यासाठी गाईची कलेजी विकायला बंदी केली. पिढ्यान्‌पिढ्या कच्चं खाणाऱ्यांनी तपासणी, औषध, कायदा असं काही ना काही भोवती उभं केलं आहे.

आता आपलं मटणाचं दुकान डोळ्यांसमोर आणा. आकड्याला टांगलेलं अर्धं बोकड, खाली चिंचेचा ओंडका. त्याच ओंडक्यावर आधीच्या गिऱ्हाइकाची वजडी तुटली, मग तुमची कलेजी. सुरा त्याच फडक्याला पुसला. माझा मटणवाला चांगला आहे, मी त्याच्याकडून वीस वर्षं घेते. पण तो माल शिजणार आहे हे गृहीत धरूनच तो विकतो. ई. कोलायचे घातक प्रकार बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्यातही असतात, आणि आजारी पडायला त्यातले शंभरेक जिवाणूही पुरतात. लहान मुलांमध्ये ही लागण मूत्रपिंडावर जाऊ शकते.

फ्रीझरच्या मुद्द्यावर तर मला फार काळजी वाटते, कारण तो सगळ्यांना पटतो. गोठवल्याने साल्मोनेला आणि ई. कोलाय सगळे मरत नाहीत, बरेचसे थांबून राहतात. काही कृमी मरतात, काही नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेत एका कुटुंबाने ४५ दिवस गोठवलेलं अस्वलाचं मांस भाजून खाल्लं. ते आत कच्चं राहिलं होतं. ६ जणांना ट्रिकिनेलाची लागण झाली, आणि त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्यासोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या.

रोज कलेजी खाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. रोज शंभर ग्रॅम म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या वर जाणं, कच्ची असो वा शिजलेली. गरोदर बाईने तर कच्चं मांस मुळीच खाऊ नये. त्यातून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाळापर्यंत पोचू शकतो.

राहिलं "डॉक्टर सांगणार नाहीत." डॉक्टरांनीच सांगितलं होतं! परनिशस ॲनिमिया हा रक्तक्षयाचा प्रकार एके काळी जीवघेणा होता. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी त्याच्या रुग्णांना रोज भरपूर कलेजी खाऊ घालून जगवलं. त्यासाठी १९३४ चं नोबेल व्हिपल या संशोधकासह त्यांना मिळालं. १९४८ मध्ये कलेजीतला तो गुणकारी घटक वेगळा काढला गेला, तेच बी-१२. मग कलेजीच्या ढिगाची गरज उरली नाही. मायनॉट-मर्फी यांच्याच सुमाराची आपल्या मुंबईची एक गोष्ट आहे. लूसी विल्स या डॉक्टर बाई कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या. मार्माइट या यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असं त्यांनी १९३१ मध्ये दाखवलं. त्यामागचा घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. त्या अर्कात मांसाचा कणही नव्हता.

भाचीला मी लिहिलं: आधी रक्त तपास. बी-१२, हिमोग्लोबिन, आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नकोस. रक्त सुधारतं आणि बी-१२ च्या कमतरतेने नसांचं होणारं नुकसान आतून चालूच राहतं. मुंग्या फार दिवस अंगावर काढू नकोस, ते नुकसान कायमचं होऊ शकतं. व्हीगन राहायचं असेल तर बी-१२ ची गोळी आहे, ती जिवाणूंपासून बनते, प्राण्यांपासून नाही. गरज पडली तर डॉक्टर इंजेक्शन देतील. आणि मांसच खावंसं वाटत असेल तर त्यात अपराध काही नाही, रविवारी घरी ये. काल तिचा रिपोर्ट आला: बी-१२ खूपच कमी. आजपासून इंजेक्शनं सुरू झाली आहेत. रविवारचं मात्र तिने अजून काही ठरवलेलं नाही.