पाच वर्षं झाली म्हणून कॉम्प्युटर टाकू नका

‘कॉम्प्युटरचं आयुष्य पाच वर्षं. पुढे प्रोसेसर झिजतो, मशीन स्लो होतं. एकदा फॉरमॅट मारून बघा, तरी स्लो असेल तर टाकून द्या. दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. विंडोज 10 तर बंदच झालं.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय आणि तो वाचून लोक धडधाकट मशीन्स भंगारात घालताहेत. मला याचं फार वाईट वाटतं.

पहिली गोष्ट, प्रोसेसर टायरसारखा झिजून दरवर्षी थोडाथोडा मंद होत नाही. आठ वर्षांपूर्वीचा प्रोसेसर आजही त्याच वेगाने चालू शकतो. वेग कमी होतो तो बहुतेक वेळा उष्णतेमुळे. पंख्याच्या जाळीत धूळ साचते, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकते, तापमान 100 अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मी उघडलेल्या एका लॅपटॉपमध्ये धुळीचा थर इतका घट्ट बसला होता की चिमट्याने धरल्यावर नमद्याच्या तुकड्यासारखा अख्खा निघून आला. तेवढ्यानेच पंख्याची घरघर थांबली.

दुसरं कारण हार्ड डिस्क. मशीन अडखळत असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी) उघडा. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर आणि डिस्क सतत 100 टक्क्यांवर दिसली, तर दोषी कोण ते कळलंच. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या डिस्कला हवी ती माहिती गाठायला दहा मिलिसेकंदांहून जास्त लागतात, एसएसडीला (फिरता भाग नसलेल्या, चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कला) साधारण त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा वेळ पुरतो. आमच्या घरचा आठ वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा. एसएसडी बसवली आणि अर्ध्या मिनिटात कामाला लागला. बाकी एकही भाग बदलला नाही.

फॉरमॅटचा सल्ला तर धोक्याचा आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइल उघडताना मशीन गोठत असेल, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. मग डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. त्यात रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे (खराब झालेल्या किंवा संशयास्पद जागांचे) आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायची वेळ आली आहे. अशा डिस्कवर फॉरमॅट मारलात तर डेटा जाईल आणि बिघाड तसाच राहील.

दुरुस्तीत पैसे बुडतात म्हणे. दर वेळी सुरू केल्यावर तारीख जुनीच दिसते? बहुधा मदरबोर्डवरचा 3 व्होल्टचा बटणासारखा सेल संपलाय. टचपॅड वर उचललं गेलंय? बॅटरी फुगली असणार. तिथे मात्र क्षणभरही थांबू नका. चार्जिंग बंद करा, दाबू नका, टोचू नका, जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्या. त्यासाठी मशीन टाकायची गरज नाही.

विंडोज 10 चा मुद्दा अर्धा खरा आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट संपला. मशीन चालतं, पण नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदतसुद्धा 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचीच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ते नसेल तर विंडोजच्या जागी चालणारा लिनक्स बसवा. ब्राउझर, ईमेल, लिखाण एवढंच काम असेल तर तो पुरेसा आहे. अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार मात्र कृपा करून करू नका.

मग टाकायचं कधी? रॅम (चालू कामासाठीची मेमरी) 4 जीबीची, तीही बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे बदलता न येणारी, आणि रोजचं काम तिच्यात मावत नसेल तेव्हा. किंवा चार्जर बदलला, रॅमची चाचणी निर्दोष आली, डिस्क नवी घातली, तापमानही ठीक, तरी मशीन मध्येच बंद पडतंय आणि मदरबोर्डचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जातोय, तर मीही नवं घ्या म्हणेन. जुनं देऊन टाकण्याआधी डिस्क तेवढी काढून ठेवा. यूएसबीने जोडायची बाहेरची केस मिळते तिच्यात घातली की बॅकअपला उपयोगी पडते.