खरखरीनं घालवली १२५१

आकाशवाणी सांगलीवरच्या लेखात म्हटलंय की एफएम आणि मोबाइल आले म्हणून या केंद्राचे श्रोते आटले. अर्धंच खरं आहे हो. आमच्या घरी रेडिओचा काटा सांगली केंद्राच्या १२५१ किलोहर्ट्झवर कायमचा बसलेला असायचा, काटा हलवला की आजोबा ओरडायचे. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. हे केंद्र मीडियम वेव्हवर, म्हणजे एएमवर. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून लांबवर जाते, त्यामुळे पार मळ्यातही स्वच्छ ऐकू यायचं. एफएम टेकडीआड गेलं की संपलं.

मग बिघडलं कुठे? घरातच. एलईडी बल्ब, मोबाइलचे स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांची खरखर नेमकी याच पट्ट्यात घुसते. अजून ट्रान्झिस्टर असेल तर लाइट गेल्यावर लावून बघा, आणि आडवा-उभा फिरवून बघा. आतल्या फेराइटच्या कांडीला, म्हणजे अँटेनाला, दिशा लागते. नव्या फोनमध्ये एएम नाहीच, त्यामुळे पोरांना ‘काटा’ म्हणजे काय तेच कळत नाही.

‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर आकाशवाणी ऐकता येते, मान्य. पण रात्री पाणी पाजायला गेलेल्या माणसानं तिथे रेंज कुठून आणायची?