फक्त भरपाई नाही, कैदही आहे
यूएसबी किलरने (पेनड्राइव्हसारखं दिसणारं, पोर्टमध्ये खुपसताच संगणक जाळणारं यंत्र) संगणक जाळला तर आपल्याकडे फक्त भरपाई मागता येते, असं एका लेखात वाचलं. ते विधान अर्धवट आहे. भरपाई आयटी कायद्याच्या कलम ४३ ची. तेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद. नुकसान १ लाख रुपये किंवा जास्त असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४(५) आहे, ५ वर्षांपर्यंत कैद.

खरं घोडं पुराव्यात अडतं. हे यंत्र पोर्टच्या ५ व्होल्टवर कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भरून दोनेकशे व्होल्ट डेटा लाइनवर सोडतं. संगणकाच्या लॉगमध्ये (आपोआप होणाऱ्या नोंदींत) बहुधा नोंदच नसते. मदरबोर्ड जातो, डिस्क अनेकदा शाबूत राहते. २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजात ६६ संगणक जाळणाऱ्या पठ्ठ्याने स्वतःच चित्रीकरण केलं होतं, म्हणजे पुरावा आयताच! शिक्षा १२ महिने, वर ५८,४७१ डॉलर भरपाई.