लेहला निघताय? कापराच्या भरवशावर जाऊ नका

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की 'लडाखला जाण्यापूर्वी हे नक्की वाचा' हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरू लागतो. कापूर हुंगला की ऑक्सिजन कमी पडत नाही, मॅग्नेटिक हिल गाड्या ओढून घेते, लडाखमध्ये पाऊस पडत नाही, खारदुंग ला या खिंडीतला रस्ता हा जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता. चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि पहिली तर जिवावर बेतू शकते.

म्हणून आधी कापूर. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी असतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. त्यामुळे दर श्वासागणिक ऑक्सिजनच कमी मिळतो. रुमालात बांधलेली कापराची वडी हुंगली की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. विमानाने थेट लेहला उतरलेल्या माणसाचं डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, आणि सोबतचे म्हणतात, "कापूर हुंग, बरं वाटेल." मोलाचे तास असे वाया जातात! बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना झोक जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर फुप्फुसात पाणी साठत असेल किंवा मेंदूला सूज येत असेल. अशा वेळी तडक हॉस्पिटल गाठायचं, ऑक्सिजन लावायचा आणि पेशंटला कमी उंचीवर न्यायचं. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसता आराम करा. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. लहान मुलांच्या हाती तर कापूर नकोच, पोटात गेला तर आकडी येते.

निमूजवळची मॅग्नेटिक हिल हा निव्वळ दृष्टिभ्रम आहे. भोवतीच्या डोंगरउतारांमुळे खरं क्षितिज दिसत नाही आणि उतार चढासारखा भासतो. रस्त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली तरी कळेल.

पाऊस कमी पडतो, हे खरं. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर. पण ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री झालेल्या ढगफुटीत चिखलाच्या लोंढ्यांनी चोगलमसरसारख्या वस्त्या गाडल्या, २००हून अधिक माणसं गेली. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर नाल्याकाठी तंबू ठोकू नका.

राहिला खारदुंग ला. पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. मोजलेली उंची सुमारे १७,५८२ फूट आहे. लडाखमधल्याच उमलिंग ला इथला रस्ता १९,०२४ फुटांवरून जातो. अर्थात १७,५०० फूटही काही थोडे नव्हेत. पाटीजवळ फोटो काढा आणि लगेच खाली उतरायला लागा.