पोरांचे शब्द कसे मारावेत

साताऱ्यात सकाळी 'चार भिंती' स्मारकापर्यंत फिरायला जाणाऱ्या मंडळींत गुडघेदुखीच्या खालोखाल चर्चा असते ती पोरांच्या भाषेची. कार्टं 'ब्रो'शिवाय तोंड उघडत नाही, नातीला उठसूट सगळं 'स्ले', म्हणजे एकदम झकास, वाटतं, मग २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळून उपयोग काय झाला? यावर कुणी रागावतो, कुणी मोबाईल काढून घेतो, कुणी वर्तमानपत्राला पत्र धाडतो. सगळी फुकटची मेहनत. पोरांचा शब्द मारायचा तर खात्रीचा उपाय एकच. तो आपण वापरायला लागायचं.

पुरावा हवा असेल तर पोवई नाक्यावर जाऊन या. 'विषय हार्ड' हे दोन शब्द काय रुबाबात फिरत होते! मग ते भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चढले, खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग लागली, आणि कॉलेजच्या पोरांनी त्यांना रामराम ठोकला. त्यासाठी कुणाला उपोषणाला बसावं लागलं नाही.

सुरुवात 'रिझ'पासून करा. ऑक्सफर्डनं २०२३ चा शब्द म्हणून त्याची निवड केलीय, तेव्हा लाजायचं कारण नाही. समोरच्याला बोलून-वागून भुरळ पाडायची हातोटी, असा त्याचा अर्थ. अर्थ नीट पाठ करा, पण वापर जरा वाकडाच करा, म्हणजे गुण लवकर येतो. मुलाचे मित्र घरी आले की पोह्यांची बशी पुढे करत म्हणायचं, "घ्या रे, आज काकूंच्या पोह्यांना लई रिझ आहे." बशीकडे येणारे हात हवेतच थांबतात. एक जण मोबाईलमध्ये तोंड खुपसतो, दुसऱ्याला अचानक क्लास आठवतो. आतल्या खोलीतून "पप्पाऽऽ" असा कळवळून आलेला आवाज ऐकू आला की समजायचं, औषध लागू पडलं.

'नो कॅप' म्हणजे खोटं नाही सांगत. स्कूटरवरून उतरून हेल्मेट काढता काढता म्हणून टाका, काम झालं. 'गोट' म्हणजे आजवरचा सगळ्यात श्रेष्ठ, पण हा शब्द जपून. माण-खटावकडून मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना प्रेमानं "तुम्ही गोट आहात" म्हणालात तर जुळत आलेली सोयरीक मोडेल. 'घोस्टिंग'च्या नादाला मात्र लागू नका. काही न सांगता-कळवता संपर्क तोडून गायब होणं, हे उसने पैसे नेलेली माणसं आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या करत आली आहेत. त्यात पोरांनी नवीन काय केलं?

खरं अवघड प्रकरण 'सिक्स-सेव्हन'चं. डिक्शनरी डॉट कॉमनं २०२५ चा शब्द म्हणून हा आकडा निवडला, आणि त्याला पक्का असा अर्थच नाही. पोरं दोन्ही तळवे तराजूच्या पारड्यांसारखे वर-खाली करतात, 'सिक्स-सेव्हन' म्हणतात आणि गडाबडा लोळतात. भलेभले वडीलधारे इथं घसरतात. "म्हणजे काय रे?" असं विचारून बसतात. अर्थ विचारला की शब्दाचं आयुष्य वाढलंच म्हणून समजा. विचारायचं नाही. पोरगं पिशवी धरून शेजारी उभं असताना मंडईत भेंडीचा भाव करायला जायचं आणि तळवे हलवत आपणच म्हणायचं, "मावशी, सिक्स-सेव्हन?" मावशी म्हणतील, "साठाच्या खाली परवडत नाय." म्हणू द्या. पोरगं तोवर तिसऱ्या गाळ्यापर्यंत पोचलेलं असेल.

घरी आल्यावर सहज त्याला सदुसष्ट म्हणजे किती ते विचारून बघा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आली, तेव्हा आपण केवढा गदारोळ केला होता! त्या हिशेबानं 'साठ सात'मध्ये निदान साठ तरी शाबूत होते.

हे शब्द कोशात नोंदवून ठेवावेत, असंही काही विद्वान सुचवतात. हरकत नाही, तोही मारण्याचाच प्रकार आहे, फक्त सावकाश. केंब्रिजच्या कोशानं २०२५ मध्ये 'स्किबिडी' आणि 'डेलुलू' आत घेतले. ज्या शब्दासाठी कोश उघडावा लागतो, तो वापरायला कुठलं पोरगं तयार होईल?

आणि हो, तुम्हीही एके काळी 'सॉलिड' म्हणत होता, 'पकवू नको' म्हणत होता. तुमच्या वडिलांना हा उपाय ठाऊक नव्हता. ते नुसते ओरडत बसले, म्हणून पन्नाशी उलटली तरी तुमचं 'सॉलिड' काही सुटलेलं नाही. त्यांनी एकदा दिवाळीला चारचौघांत "चिवडा सॉलिड झालाय" म्हणायला हवं होतं.

औषध कधी कधी उलटतं, तेवढं मात्र सांभाळा. २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर आपल्या रोजच्या बोलीत "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" बोलून गेले आणि महाराष्ट्रभरच्या पोरांनी ते उचलून धरलं. बापू काही पोरांसारखं बोलायला गेले नव्हते. सगळा घोटाळा तिथंच झाला. म्हणून घरात आपलं नेहमीचं बोलताना जरा भान ठेवा. रोज पहाटे साडेपाचला फॅमिली ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' टाकता ना? ती चित्रं आता पोरं खिदळत आपापल्या ग्रुपवर फिरवायला लागली आहेत. आजच बंद करा. एकदा का ती फॅशन झाली, की तिला मारायला तुमच्याकडे काही शिल्लक राहणार नाही. ती तर तुम्ही आधीपासूनच वापरताय.