‘नुसता आवाज’ म्हणे!

परवा आमच्या इंदिरानगरच्या झुंबा बॅचच्या ग्रुपवर सकाळी सव्वासहाला, ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांमागोमाग एक फॉरवर्ड आला. म्हणे पॉप आणि डान्स म्युझिकमध्ये बायकांचा चेहरा खपतो. गाणी लिहितात पुरुष, संगीतही त्यांचंच, आणि यंत्रातलं बायकांना काही कळत नाही; त्यांचा असतो तो नुसता आवाज. खाली चार अंगठे. त्यातले दोन माझ्याच बॅचमधल्या बायकांचे, म्हणून हे लिहायला बसले.

आधी चेहऱ्याचं बघू. १९९० सालचं ‘गॉना मेक यू स्वेट’ सुरू झालं, की त्यातल्या पहिल्याच आरोळीला आमच्या साठीच्या काकूसुद्धा पाण्याची बाटली टाकून धावत येतात. ती आरोळी गायिका मार्था वॉशची. व्हिडिओत मात्र ओठ हलवणारी बाई वेगळी, सडपातळ. त्याच सुमारास ‘ब्लॅक बॉक्स’ या ग्रुपच्या गाण्यांतही तेच झालं: गळा मार्थाचा आणि पडद्यावर एक फ्रेंच मॉडेल. मार्था कोर्टात गेली, तडजोड झाली, तेव्हा कुठे तिचं नाव लागलं. म्हणजे इथे खपत होता तो आवाज. चेहरा वरून चिकटवलेला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं उलटं धरलंय.

लिहिण्याचं म्हणाल, तर ब्रिटिश गायिका केट बुशचं १९७८चं ‘वुदरिंग हाइट्स’ तिनेच लिहिलेलं. स्वतः लिहिलेलं गाणं गाऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेली ती पहिली बाई. १९८५चं ‘रनिंग अप दॅट हिल’ तर तिने लिहिलं, गायलं आणि निर्मितीही स्वतःच केली. ते २०२२ मध्ये एका वेबसिरीजमुळे पुन्हा वर आलं, तेव्हा माझ्या भाचीला ते नवीन गाणं वाटलं होतं.

आपल्याकडे बघा. ‘मेड इन इंडिया’चं संगीत बिद्दूंचं, ‘ऐका दाजिबा’चं अवधूत गुप्तेंचं. ते मी कशाला नाकारू? पण ‘ऐरणीच्या देवा तुला’ची चाल कोणाची? ‘आनंदघन’ची, म्हणजे लतादीदींची. ‘साधी माणसं’, १९६५. पॉप नाही ते, कबूल. पण ‘संगीत पुरुषच करतात’ हे वाक्य तिथेच आडवं होतं.

यंत्रांचं तर विचारूच नका. १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षकसंगीत बीबीसीत डेलिया डर्बीशायरने उभं केलं. मूळ चाल रॉन ग्रेनरची, पण एकेक सूर टेपवर घ्यायचा, ब्लेडने कापायचा, जोडायचा, हे सगळं तिचं. सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, सर्रास मिळायला लागण्याच्या आधीची ही गोष्ट. ग्रेनरला श्रेय वाटून घ्यायचं होतं, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. आणि मिरवणुकीआधी आमच्या पोरी ढोल कसा ताणतात, ते कधी जवळ उभं राहून बघा. दोरी ओढून तळहात सोलतात, मग टिपरूने एक ठोका देऊन कान लावतात.

राहिलं ‘नुसता आवाज’. डिस्को गायिका डोना समरचं १९७७चं ‘आय फील लव्ह’ घ्या. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि तिचा गळा सोडला, तर बाकी जवळपास सगळं सिंथेसायझरवर. लेखकांत मोरोडर आणि बेलॉट या निर्मात्यांसोबत तिचंही नाव आहे. तो गळा काढून नुसत्या मशीनवर वीस बायका नाचवून दाखवा. मी रोज नाचवते, मला माहितीये बॅच कुठे थकते आणि कुठे उचलते.

उद्या वॉर्म-अपला तेच लावतेय, आठ मिनिटांचं मोठं व्हर्जन. अंगठेवाल्या दोघी पहिल्या रांगेत.